कादिशाची पायवाट

अरबी भाषेत दरीला 'वादी' म्हणतात. आपल्या वाडीशी या शब्दाचे नाते केवळ कानापुरते आहे. दोहोंचे कूळ निराळे. तरीही उत्तर लेबनॉनमधील 'वादी कादिशा' या दरीचा इतिहास वाचू लागले, म्हणजे वाडीत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला तो परक्यांचा वाटत नाही. 'कादिशा' हा सिरियाक भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'पवित्र' असा आहे. प्रभू येशू जी अरामी भाषा बोलत होता, तिचीच सिरियाक ही एक शाखा. मिस्साबलिदानात आपण 'पवित्र' हा शब्द तीनदा उच्चारतो, तेथे लेबनॉनचे मॅरोनाईट कॅथलिक आजही 'कादिश' म्हणतात. केरळातील सिरो-मलबार बांधवांच्या जुन्या उपासनेची भाषाही सिरियाकच होती. १९८८ साली कल्याणला त्यांच्या धर्मप्रांताची स्थापना झाली. तेव्हा हा शब्द आपल्या शेजारीही आता राहावयास आला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

एखादे मंदिर पवित्र असते, एखादी वेदी पवित्र असते. परंतु एक अख्खी दरी, तिच्या नदीसह, कड्यांसह आणि गुहांसह पवित्र कशी ठरावी? या प्रश्नाचे उत्तर दरीतील माणसे दोन प्रकारे देतात. एक उत्तर दंतकथांचे आहे, दुसरे लेखी नोंदींचे. कादिशाच्या पायवाटेने चालणाऱ्याला ही दोन्ही उत्तरे वळणावळणाला भेटतात, आणि यांपैकी कोणावर किती विश्वास ठेवावा, हे त्याला स्वतःलाच ठरवावे लागते. ती वाट आपण येथे वरून खाली, नदीच्या ओघाबरोबर, चालत जाऊ.

गंधसरूंच्या सावलीत

लेबनॉन पर्वतातील सर्वोच्च शिखर कुर्नेत अस-सौदा हे ३,०८८ मीटर उंच आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ साचते. ते वितळले की पाणी चुनखडीच्या खडकात झिरपते आणि खाली बशर्री गावाजवळच्या गुहेतून नदीच्या रूपाने बाहेर येते. तीच कादिशा. याच चुनखडीला पाण्याने युगानुयुगे कोरून दरीच्या दोन्ही भिंतींत शेकडो गुहा केल्या. ज्या निसर्गनियमाने नदी निर्माण झाली, त्याच नियमाने तपस्व्यांची निवासस्थानेही तयार झाली. पुढे हीच नदी अबू अली हे नाव घेऊन त्रिपोली शहरातून भूमध्य समुद्राला मिळते. दरीत शांत दिसणाऱ्या या नदीने १९५५ च्या डिसेंबरात त्रिपोलीत महापुराचा हाहाकार माजविला होता, हेही ध्यानात ठेवावे.

दरीच्या माथ्यावर, आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या शिखराहूनही वर, 'परमेश्वराचे गंधसरू' या नावाने ओळखले जाणारे वन आहे. आपल्या मराठी बायबलात ज्या वृक्षाला 'गंधसरू' म्हटले आहे, तोच हा लेबनॉनचा सीडर. हिमालयातील देवदार हा त्याच्याच कुळातला, जणू सख्खा चुलतभाऊ. सोरच्या हीराम राजाने शलमोनाच्या मंदिरासाठी लबानोनाचे गंधसरू पुरविले, हा राजांच्या पहिल्या ग्रंथातील वृत्तान्त आपण जाणतो. फिनिशियनांनी या लाकडाची जहाजे बांधली आणि इजिप्तचे राजेही ते मागवीत. देवाचे म्हणून ज्या झाडांची स्तोत्रांत थोरवी गाइली, त्यांवर माणसाची कुऱ्हाड मात्र हजारो वर्षे थांबली नाही.

या वनाविषयी एक जुनी समजूत आहे: ही झाडे कोणालाही नीट मोजता येत नाहीत, प्रत्येक वेळी आकडा निराळाच येतो. प्रवाशांनी लिहून ठेवलेले आकडे पाहिले तर ते खरोखरच परस्परांशी जुळत नाहीत. १६९७ मध्ये तेथे गेलेल्या हेन्री मॉन्ड्रेल या इंग्रज पाद्रीला मोठी, पुरातन झाडे अवघी १६ आढळली. कोणी केवळ जुने वृक्ष मोजले, कोणी रोपटीही धरली, म्हणून हा घोळ झाला. दंतकथा त्याला चमत्कार म्हणते. परंतु त्या चमत्काराच्या आड एक भीती दडलेली होती: झाडे इतकी कमी उरली होती की ती मोजता येत होती! १८७६ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने दिलेल्या पैशांतून या वनाभोवती दगडी भिंत घालण्यात आली. शेळ्यांनी कोवळी रोपे खाऊ नयेत, हा तिचा साधा हेतू होता. दरवर्षी ६ ऑगस्टला, प्रभूच्या रूपांतराच्या सणाला, या वनातील लहानशा मंदिरात मिस्साबलिदान अर्पण होते.

उतारावरचे तपस्वी

बशर्री हे खलील जिब्रानचे जन्मगाव. १८८३ साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेला गेला आणि १९३१ मध्ये न्यूयॉर्कला मरण पावला. त्याचा देह मात्र परत गावी आणून मार सर्किस या जुन्या मठात पुरण्यात आला. वि. स. खांडेकरांनी जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या, त्यामुळे या दरीची हवा आपल्या घरांतील पुस्तकांच्या फळीपर्यंत पूर्वीच पोहोचलेली आहे. पलीकडच्या अंगाला, आणखी उंचावर, बकाकाफ्रा हे गाव आहे. संत शर्बेल यांचा जन्म तेथे १८२८ साली झाला. त्यांचे दोन मामा याच दरीत कोझाया येथे संन्यस्त जीवन जगत होते, आणि त्यांच्याकडे जाऊन-येऊन या पोराला प्रार्थनेची गोडी लागली. १९७७ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

बशर्रीपासून पायवाट झपाट्याने उतरते. वर सफरचंदांच्या बागा, मध्ये ओक आणि अक्रोड, आणि कड्याच्या पोटाला दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यापायऱ्यांची शेते. एका वेळी एकच माणूस चालू शकेल, अशा या वाटेने माती टोपल्यांतून वाहून ती शेते तयार झाली आहेत. तळाशी मार एलिशा म्हणजे संत अलीशा यांच्या नावाचा मठ कड्याला पाठ टेकून उभा आहे. १७ व्या शतकात फ्रान्समधील एक्स या शहरातून फ्रान्स्वा गालो द शास्तेय नावाचे एक विद्वान गृहस्थ येथे आले. पौर्वात्य भाषांचा अभ्यास हे त्यांच्या येण्याचे एक कारण. पण दरीने त्यांना परत जाऊ दिले नाही. १६४४ साली याच मठात, एक तपस्वी म्हणून, त्यांनी देह ठेवला. त्याच शतकाच्या अखेरीस अलेप्पोच्या काही मॅरोनाईट तरुणांनी जो लेबनॉनी मॅरोनाईट संघ स्थापन केला, त्याच्या पाळण्यातील दिवसांशी हा मठ निगडित आहे.

मॅरोनाईट हे नाव संत मारून यांच्यावरून आले. सिरियातील हे तपस्वी इसवी सन ४१० च्या सुमारास निवर्तले. त्यांच्या अनुयायांना पुढे छळामुळे आणि युद्धांमुळे ओरोंतेस नदीचे खोरे सोडून लेबनॉनच्या डोंगरांत आसरा घ्यावा लागला. गुहांत प्रथम ध्यानासाठी माणसे आली की जीव वाचविण्यासाठी? दोन्ही कारणांनी आली, असेच म्हणावे लागेल. एकाच गुहेत कालचा तपस्वी आणि आजचे शरणार्थी कुटुंब राहिले, आणि त्या सहवासातूनच या समाजाची श्रद्धा घडली.

कन्नूबीन आणि संत मरिना

मार एलिशापासून नदीच्या काठाने दोनएक तास चालल्यावर कन्नूबीनचा मठ लागतो. ग्रीक भाषेत सामुदायिक मठजीवनाला जो शब्द आहे, त्याचाच 'कन्नूबीन' हा अपभ्रंश. थोर थिओदोसियस सम्राटाने चौथ्या शतकात हा मठ बांधला, असे परंपरा सांगते. नोंदींनी सिद्ध होणारी गोष्ट अशी की, १४४० साली मॅरोनाईटांच्या पेट्रिआर्कांनी, म्हणजे त्यांच्या प्रमुख महागुरूंनी, आपले पीठ येथे आणले आणि सुमारे साडेतीन शतके ते येथेच राहिले. एका समाजाच्या धर्मपीठासाठी ही जागा किती गैरसोयीची! मंदिर अर्धे बांधलेले, अर्धे खडकात कोरलेले. घोडाही जपून उतरावा अशी वाट. परंतु तीच गैरसोय त्यांची तटबंदी होती. १५९६ साली पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून आलेले येशूसंघीय फादर जेरोम दांदिनी याच मठात धर्मसभेसाठी बसले होते. मंदिराच्या भिंतीवर पवित्र मारियेच्या राज्याभिषेकाचे चित्र आहे, आणि त्यात दरीचे पेट्रिआर्क हा सोहळा पाहत उभे आहेत.

मठाशेजारी एका गुहेत संत मरिना यांचे छोटे मंदिर आहे. तिची कथा या दरीत लहान पोरांनाही ठाऊक असते. मरिनाची आई वारली आणि बापाने मठात जायचे ठरविले. बापाचा विरह सहन न होऊन तिने मुलाचा वेश घेतला आणि 'मरिनोस' हे नाव धारण करून तीही मठात राहिली. पुढे एका खाणावळवाल्याची मुलगी गरोदर राहिली, तेव्हा तिने मरिनोसवर आळ घेतला. एक शब्द बोलली असती तर मरिना निर्दोष ठरली असती. ती बोलली नाही. तिला मठाबाहेर काढण्यात आले. ते मूल तिच्या पदरात टाकण्यात आले, आणि मठाच्या दाराशी भीक मागून तिने त्याला वाढविले. पुढे मठात परत घेतल्यावर तिला सर्वांत हलकी कामे देण्यात आली. तिच्या मृत्यूनंतर देहाला स्नान घालताना खरे काय ते उघड झाले, आणि ज्यांनी तिला शिक्षा दिली होती ते ढसढसा रडले.

ही कथा बिथुनियात, इजिप्तमध्ये आणि युरोपातही सांगितली जाते. व्हेनिसमध्ये तिचे अवशेष पूजिले जातात. इतिहासकार म्हणून कोणी विचारील की, ती कन्नूबीनचीच कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. परंतु एक घटना निर्विवाद आहे: कन्नूबीनच्या पेट्रिआर्कांनी आपल्या दफनासाठी मरिनाची गुहा निवडली. ज्यांच्या हाती समाजाचा न्यायनिवाडा होता, त्यांनी चुकीच्या न्यायाची शिकार झालेल्या स्त्रीच्या पायाशी जागा मागून घेतली. कथा कोठे घडली हे ठरविता येवो वा न येवो, तिने या माणसांना काय शिकविले हे त्या कबरींवरून दिसते. कोणावर आळ आला की चौकशीपूर्वीच ज्याला त्याला दोषी ठरविणाऱ्या आपल्या समाजांनी, आणि आम्हा धर्मगुरूंनीही, त्या गुहेसमोर क्षणभर थांबावे असे वाटते.

आसी गुहेतील लेकरे

आता दरीतील अशी एक गोष्ट, जी फार काळ केवळ गोष्टच होती. १२८३ साली इजिप्तच्या मामलुक सुलतान कलावूनच्या सैन्याने या डोंगरावर स्वारी केली. एहदेन गाव पडले. हदथ या गावचे लोक कड्यातील 'आसी' नावाच्या गुहेत जाऊन लपले. पेट्रिआर्क एस्तेफान दुवैही यांनी १७ व्या शतकात लिहिलेल्या इतिहासात याची नोंद आहे. चारशे वर्षांनंतर लिहिलेली ही हकीकत आहे, तिच्यात भर पडली असेल, असे म्हणून ती बाजूला सारणे सोपे होते.

लेबनॉनच्या गुहासंशोधकांच्या एका गटाने मात्र ती नोंद हाताशी धरली. देशात यादवी युद्ध धुमसत असताना, १९८९ पासून पुढची काही वर्षे, त्यांनी आसी गुहेत काळजीपूर्वक उत्खनन केले. कोरड्या मातीत त्यांना स्त्रियांचे आणि लहान मुलांचे देह सापडले. कोणत्याही लेपाशिवाय, केवळ गुहेच्या हवेने टिकून राहिलेले. अंगावर भरतकाम केलेले पोशाख होते. शेजारी नाणी, लाकडी कंगवे, अक्रोड, आणि अरबी व सिरियाक लिखाणाचे कागद. नाण्यांवरून आणि कागदांवरून काळ जुळला तो १२८३ च्या सुमाराचा. त्यांत सुमारे चार महिन्यांची एक मुलगी होती. संशोधकांनी तिला 'यास्मीन' हे नाव दिले. आज हे देह बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

यास्मीनचे नाव कोणत्याही बखरीत नव्हते. वेढा घालणाऱ्या सुलतानाचे नाव इतिहासाने सांभाळले, तिचे सांभाळले नाही. परंतु तिला पुरताना कोणीतरी घाईच्या, भीतीच्या त्या दिवसांतही तिला चांगला अंगरखा घातला होता. दरी पवित्र कशाने ठरली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या अंगरख्याचा विचार करावाच लागतो.

नोंदी लिहिणारा पेट्रिआर्क

दुवैही यांचा जन्म १६३० साली एहदेनला झाला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८४ मध्ये रोम येथे मॅरोनाईट विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय स्थापन केले होते. अकरा वर्षांचे असताना दुवैहींना तेथे पाठविण्यात आले. अतिवाचनाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पवित्र मारियेच्या कृपेने ती परत आली, अशी त्यांची श्रद्धा होती. युरोपात विद्वान म्हणून मान मिळत असता ते १६५५ साली मायदेशी परतले आणि गावातील पोरांना शिकवू लागले. १६७० मध्ये ते पेट्रिआर्क झाले. तुर्की अंमलदारांच्या जाचामुळे त्यांना अनेकदा पीठ सोडून रानोमाळ भटकावे लागले. त्याही अवस्थेत त्यांनी एक काम सोडले नाही. मठामठांतील हस्तलिखिते ते वाचीत आणि प्रतिलेखकांनी शेवटी किंवा समासात लिहून ठेवलेल्या ओळी टिपून घेत: अमक्या वर्षी टोळधाड आली, अमक्या वर्षी अमके गाव जळाले. या तुटक ओळींतून त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास उभा केला. ३ मे १७०४ रोजी ते कन्नूबीन येथे निवर्तले आणि मरिनाच्या गुहेत पुरले गेले. २ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

साखळदंड आणि छापखाना

डोंगराची एक सोंड ओलांडली की शेजारच्या खोऱ्यात कोझाया येथे संत अंतोनी यांचा मठ आहे. तेथील एका गुहेत लोखंडी साखळदंड आहेत. मनोरुग्णांना तेथे आणून बांधून ठेवीत. संत अंतोनी रात्री येऊन ज्याची साखळी सोडवील तो बरा झाला, असे मानीत. हे वाचून आज अंगावर काटा येतो. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला वैद्याचे उपचार लागतात, साखळदंड नव्हे. दरीच्या सर्वच परंपरा जतन कराव्या अशा नाहीत, हे त्या गुहेत उमगते. भाविकपणाच्या नावाखाली दुबळ्याला वेदना दिली जाते, तेव्हा तिला दंतकथेचे पांघरूण घालू नये.

त्याच मठात मात्र दुसरे एक वैभव आहे. १६१० साली येथे स्तोत्रसंहिता छापण्यात आली. अरब जगतातील छपाईच्या इतिहासातले हे एक आद्य पुस्तक. त्यात एका रकान्यात सिरियाक भाषा आणि दुसऱ्यात अरबी. परंतु ती अरबीदेखील सिरियाक अक्षरांत छापलेली. लोक अरबी बोलू लागले होते, पण त्यांना परिचित लिपी उपासनेची होती. या पद्धतीला 'गार्शुनी' म्हणतात. मराठी ख्रिस्ती वाचकाला येथे दुसरे एक पुस्तक आठवल्यावाचून राहणार नाही. अवघ्या सहा वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले: भाषा मराठी, अक्षरे रोमन. कोझायाच्या संन्याशांना गोवा ठाऊक नसेल आणि स्टीफन्स यांना कोझाया. परंतु लोकांच्या जिभेवरील भाषेत देवाचे शब्द पोहोचले पाहिजेत, मग अक्षरे हाती असतील ती वापरू, ही तळमळ दोन्हीकडे एकच होती.

वाट टिकली, माणसे?

१९९८ साली युनेस्कोने कादिशाची दरी आणि गंधसरूंचे वन यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. भिंती, भित्तिचित्रे आणि वृक्ष यांना त्यामुळे रखवालदार मिळाला. माणसांचे काय? पहिल्या महायुद्धातील दुष्काळात लेबनॉन पर्वतातील सुमारे एकतृतीयांश माणसे दगावली, असे इतिहासकार मानतात. त्याच्या आधीपासून सुरू झालेला परदेशाचा ओघ नंतर थांबलाच नाही. १९७५ ते १९९० चे यादवी युद्ध, २०१९ पासूनची आर्थिक घसरण, ४ ऑगस्ट २०२० चा बैरूत बंदरातील स्फोट, यांनी प्रत्येक वेळी आणखी काही कुटुंबे उठविली. ज्या कड्यांनी सुलतानांच्या फौजा रोखल्या, त्यांना पोटासाठी निघालेला तरुण रोखता आला नाही. जिब्रानची आई आपल्या लेकरांना घेऊन निघाली ती याच वाटेने, आणि तिला दोष कोण देईल?

दरीतील दंतकथा आणि नोंदी या दोहोंनाही सांगणारे माणूस लागते. मरिनाची कथा आज्यांनी नातवंडांना सांगितली म्हणून टिकली. आसीची हकीकत कोणा अनाम प्रतिलेखकाने आणि त्याच्यामागून दुवैहींनी लिहिली म्हणून यास्मीन सापडली. कथेने माणसांना कसे जगावे ते शिकविले. नोंदीने कोण जगले आणि कोण मेले ते सांगितले. एकीचे काम दुसरीला करता येत नाही.

आपल्या धर्मग्रामांतही बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या जुन्या वह्या आहेत, ज्यांची पाने वाळवीला बळी पडत आहेत. लग्नातील जुनी गाणी, क्रुसांच्या आणि विहिरींच्या कथा ज्यांना मुखोद्गत आहेत, अशी वडीलधारी माणसे अजून आपल्या ओट्यांवर बसलेली आहेत. वाचकहो, येत्या पावसाळ्यात शेतीची कामे आटोपल्यावर घरातील एखाद्या शिकत्या मुलाला वही देऊन त्यांच्याजवळ बसवावे. आजीने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहावे, खाली तारीख घालावी, आणि सांगणारीचे पूर्ण नाव लिहिण्यास विसरू नये.